लाइट बंद करणारे बाबा आणि मीटरवरचा लाल दिवा

आमच्याकडे वीज वाचवण्याचं खातं बाबांकडे आहे. रात्री जेवणं झाली की ते एक फेरी मारतात, पॅसेजची लाइट, गॅलरीची लाइट, मग प्रत्येक खोलीत जाऊन मोबाइल चार्जरची बटणं खटाखट बंद, आणि जोडीला "घर आहे का दिवाळी आहे" हे ठरलेलं वाक्य. हे सगळं चालू असतं तेव्हा बाथरूममधला गीझर सकाळपासून तसाच लागलेला असतो, देवघरात झिरोचा लाल बल्ब चोवीस तास जळत असतो, आतल्या खोलीत कोणी नसताना पंखा पाचवर फिरत असतो, पण तिकडे कुणाचं लक्ष जात नाही, कारण गीझर काही उजेड पाडत नाही ना.

मागच्या वर्षी मार्चचं बिल २६० युनिटचं आलं. आमचा नाशिकला टू बीएचके, चार माणसं, एसी एकाच खोलीत आणि तोही तेव्हा अजून लावायला सुरुवात केलेली नव्हती, मग एवढी वीज गेली कुठे हा प्रश्न पडला आणि मी एक शनिवार-रविवार घालवून हिशोब करत बसलो. नवीन काही विकत घ्यायचं नाही हे आधीच ठरवलेलं. फाइव्ह स्टार अमुक घ्या, कमी विजेवर फिरणारा बीएलडीसी पंखा तमुक घ्या असं सांगणारे लेख भरपूर आहेत, पण चालता फ्रिज कुणी उद्या उचलून भंगारात देत नाही. तर आहे त्या वस्तूंत काय करता येतं ते सांगतो, आणि ते तसं का होतं हे पण, कारण ते एकदा कळलं की पुढचं आपलं आपल्याला सुचत जातं.

आधी युनिट म्हणजे काय ते, ज्यांना माहितीये त्यांनी पुढे सरका. हजार वॉटची वस्तू एक तास चालली की एक युनिट. बस एवढंच. म्हणजे १०० वॉटचा जुना पिवळा बल्ब दहा तास लावला की एक युनिट, आणि आत्ताचा ९ वॉटचा एलईडी बल्ब तेवढंच एक युनिट खायला १११ तास घेतो. यात दोन गोष्टी आहेत, वॉट किती आणि वेळ किती, आणि आपण नेहमी एकीकडेच बघतो. मिक्सर ७५० वॉटचा, केवढा तो आवाज, पण चटणी वाटायला चार मिनिटं लागतात, म्हणजे एका युनिटचा विसावा भाग. उलट पंखा ७५ वॉटचा, मिक्सरच्या एक दशांश, आवाज नाही काही नाही, पण दिवसाला सोळा तास फिरला तर १.२ युनिट, महिन्याला ३६. असे तीन पंखे घरात असतील तर शंभरच्या वर युनिट नुसते पंख्यांचे. मी हा आकडा काढला तेव्हा मलाच दोनदा तपासावासा वाटला.

बाबांची बाजू पण मांडतो. त्यांची सवय ज्या काळात लागली तेव्हा घरात ६० आणि १०० वॉटचे बल्ब होते, ट्यूबलाइट चोकसकट पन्नासच्या आसपास खायची, तेव्हा उजेड हाच घरातला मोठा खर्च होता आणि बल्ब बंद करा हे अगदी बरोबर सांगणं होतं. बल्ब बदलले, ओरडणं तेच राहिलं.

आता बिलाकडे. महावितरणच्या घरगुती बिलात टप्पे असतात, पहिली १०० युनिट एका दराने, मग १०१ ते ३००, मग ३०१ ते ५००, मग त्याच्या वर. दर बदलत राहतात, पण दुसऱ्या टप्प्याचा वीज आकार पहिल्याच्या दुपटीहून जास्त आहे हे धरून चाला. लोकांचा एक मोठा गैरसमज असा की १०१ वं युनिट पडलं की सगळं बिल वरच्या दराने लागतं. तसं नाहीये. पहिली १०० कायम खालच्याच दराने, फक्त वरची वरच्या दराने. पण याचा दुसरा अर्थ कुणी सांगत नाही, तो असा की तुम्ही जे युनिट वाचवता ते कायम सगळ्यात वरचं, म्हणजे तुमच्या बिलातलं सगळ्यात महागडं असतं. २६० वाल्याने एक युनिट वाचवलं तर ते दुसऱ्या टप्प्यातलं वाचतं, आणि त्यावरचा वहन आकार (वीज घरापर्यंत आणून देण्याचा) आणि १६ टक्के वीज शुल्क धरलं तर एका युनिटला बारा-तेरा रुपयांच्या घरात जातं. बिलाची रक्कम भागिले युनिट असं करून लोक म्हणतात आमची वीज अमुक रुपये पडते, ते वाचवायच्या हिशोबाला चालत नाही.

आता खरी गंमत. आपल्या घरातली कुठली वस्तू किती खाते हे बघायला काही विकत आणायला लागत नाही, मीटरच ते सांगतो. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो, त्याच्या शेजारी बारीक अक्षरात इंग्रजीत एक आकडा छापलेला असतो, आमच्या मीटरवर ३२०० आहे, काहींवर १६०० किंवा वेगळा असतो. त्याचा अर्थ दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट झालं. मग काय करायचं, घरातलं सगळं बंद करायचं, फ्रिज पण दहा-पंधरा मिनिटं बंद, दार उघडायचं नाही फक्त, आणि एकच वस्तू लावून एका मिनिटात दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजायचं. त्या आकड्याला ६०,००० ने गुणायचं आणि मीटरवरच्या छापील आकड्याने भागायचं, झाले वॉट. ३२०० वाल्या मीटरला सोपं आहे, एका लुकलुकीला साधारण १९ वॉट. मीटरला हात लावायचा नाही, कव्हर उघडायचं नाही, फक्त बघायचं.

आमचे मीटर खाली पार्किंगमध्ये, म्हणून मी खाली उभा आणि आई वर फोनवर.

"आता हॉलचा पंखा लाव."

"लावला."

"पाचवर लाव."

"अरे पाचवरच असतो तो, रेग्युलेटर कधीचा बिघडलाय त्याचा."

मिनिटाला चार. म्हणजे ७५ वॉट, पुस्तकात असतं तसंच निघालं, मला उगाचच आनंद झाला. मग वॉचमन काका येऊन उभे राहिले, म्हणाले मीटर पळतंय का साहेब, म्हटलं नाही, मोजतोय, ते पण मोजायला लागले. एलईडी ट्यूब, एक लुकलुक. गीझर लावला तर मोजताच येईना, सेकंदाला दोनच्या जवळपास, मिनिटाला शंभरच्या वर. फ्रिज कॉम्प्रेसर चालू झाल्यावर सहा. आणि सगळ्यात शेवटी आईला म्हटलं आता सगळं बंद कर, सगळं, तर ती म्हणाली केलं, आणि दिवा तरी लुकलुकतोय. दर ३५-४० सेकंदांनी एकदा, म्हणजे ३० वॉट, कुणीही काहीही न वापरता (वरचे आकडे एवढं वजा करून दिलेत, तुम्ही मोजताना पण वजा करा). वर जाऊन बघितलं तर सेट टॉप बॉक्स, वायफायचा राउटर, रिमोटने बंद केलेला टीव्ही, मायक्रोवेव्हवरचं घड्याळ, इन्व्हर्टर. ३० वॉट म्हणजे काहीच नाही वाटतं, पण ते चोवीस तास आहेत, तीस दिवस आहेत, गुणाकार केला तर महिन्याला २१ युनिट. त्यात सगळ्यात मोठा खादाड सेट टॉप बॉक्स, तो रिमोटने बंद केला तरी आतून जवळपास तेवढाच चालू राहतो, फक्त लाल लाइट लागते.

(सगळं बंद, वरच्या वस्तूंचे प्लग पण काढलेत आणि तरी दिवा जोरात चालतोय असं दिसलं तर वायरिंगमध्ये कुठेतरी गळती असू शकते किंवा दुसऱ्याचं कनेक्शन तुमच्या मीटरवर, तिथे स्वतः काही करू नका, इलेक्ट्रिशियन बोलवा.)

देवघरातला झिरोचा बल्ब या मोजणीत माझ्या लक्षात आला. नाव झिरो आहे पण तो फुकट चालत नाही, जुना काचेचा तारेचा झिरो बल्ब १२ ते १५ वॉट घेतो. १५ धरले तर चोवीस तासांचे ३६० वॉट-तास, म्हणजे ९ वॉटचे आठ एलईडी रोज पाच-पाच तास जाळल्यासारखं, महिन्याला ११ युनिट. आईला म्हटलं हा बंद करू का तर ती ऐकेना, देवाजवळ अंधार नको. मग त्या होल्डरमध्ये अर्ध्या वॉटचा छोटा एलईडी लावला, तोच लाल रंग. नवीन काही घ्यायचं नाही या नियमाला एवढा एकच अपवाद केला.

आणि ते मोबाइल चार्जर. फोन न लावता नुसता सॉकेटमध्ये राहिलेला बरा चार्जर वॉटच्या एखाद-दोन दशांशाएवढा खातो, महिन्याभरात एक युनिट पण होत नाही, त्याच्या जवळपास पण जात नाही. पूर्ण फोन चार्ज करायला नुकसान धरून २५ वॉट-तास लागतात समजा, म्हणजे एका युनिटमध्ये चाळीस वेळा. सुरक्षेसाठी बटण बंद करा, चांगलंच आहे, पण त्याने बिल कमी होईल ही आशा सोडा.

मग बिल कशाने होतं? घरातली प्रत्येक वस्तू बघताना एक प्रश्न विचारायचा, ही उष्णता तयार करते का, उष्णता इकडून तिकडे हलवते का, का नुसती फिरते-बोलते-उजळते. तिसरा प्रकार स्वस्त आहे, चोवीस तास चालला नाही तर. पहिला प्रकार महाग आहे आणि त्याला शॉर्टकट नाही. दुसऱ्या प्रकारात मात्र करण्यासारखं सगळ्यात जास्त आहे.

पहिला प्रकार म्हणजे गीझर, रॉड, इस्त्री, किटली, फ्रंट लोड मशीनमधला हीटर. एक लिटर पाणी एक डिग्रीने तापवायला १.१६ वॉट-तास लागतात, हा निसर्गाचा दर आहे, यात कुठली कंपनी डिस्काउंट देऊ शकत नाही. आंघोळीची २० लिटरची बादली, नळाचं पाणी २२ डिग्री, आपल्याला हवं ४२, म्हणजे २० गुणिले २० गुणिले १.१६, जवळजवळ अर्धं युनिट. एका बादलीच्या विजेत फोन अठरा-वीस वेळा फुल चार्ज होईल. चार माणसं, चार बादल्या, महिन्याला ५५-५६ युनिट. आणि शॉवर असेल तर बघा, मिनिटाला आठ-दहा लिटर जातं, आठ मिनिटं उभं राहिलं की साडेतीन बादल्या, दीड युनिटच्या वर, एका माणसाला. थंडीत नाशिकला नळाचं पाणी पंधरावर येतं तेव्हा बादलीमागे आणखी एक तृतीयांश वाढवा.

म्हणून रॉड जास्त वीज खातो का गीझर हे भांडण फुकट आहे. दोघांची कॉइल पाण्यातच बुडालेली, सगळी उष्णता पाण्यातच जाणार, दुसरीकडे जायला जागाच नाही, एक बादली एका तापमानाला आणायला दोघांना जवळपास सारखंच लागणार. रॉडचा प्रश्न शॉकचा आहे, बिलाचा नाही. तसंच बोअरच्या पाण्याने कॉइलवर क्षार चढला की बिल वाढतं असं सगळे सांगतात, त्यातही फार तथ्य नाही, क्षाराने पाणी तापायला थोडा उशीर होतो आणि कॉइल आतून जास्त तापून जळते, म्हणजे खर्च होतो पण तो मेकॅनिकच्या खिशात जातो.

आणखी एक, हे बाबांना पटवायला मला दोन दिवस लागले. गीझर २००० वॉटचा आहे म्हणून तो चालू राहिला की तासाला दोन युनिट जातात असं नाही. पाणी तापलं की थर्मोस्टॅट कट करतो. नंतर टाकीतून जेवढी उष्णता हळूहळू बाहेर झिरपते तेवढीच भरून काढायला तो अधूनमधून लागतो, १५ लिटरच्या गीझरला दिवसभराचं ते साधारण अर्धं युनिट, जुना आणि आतला फोम बसलेला असेल तर त्याहून जास्त. म्हणजे सकाळी दोन तास जास्त राहिला तर आभाळ कोसळत नाही, पण रोज दिवसभर राहिला तर महिन्याला पंधरा-वीस युनिट पाण्यात. अक्षरशः. आमच्याकडे आता एकामागोमाग एक आंघोळी उरकतात आणि शेवटचा जो तो बटण बंद करून येतो, आणि एप्रिल-मेमध्ये तर गच्चीवरच्या टाकीचं पाणीच दुपारनंतर इतकं तापलेलं असतं की गीझरला सुट्टी. थर्मोस्टॅटचा नॉब ७५ वर असेल तर ६० च्या आसपास आणा, झिरपणं कमी होतं, पण फार खाली नेऊन सतत कोमट पाणी साठवू नका, कोमट पाण्यात जंतूंना बरं वाटतं.

वॉशिंग मशीनचं एका वाक्यात होतं, फ्रंट लोडवाल्यांनी प्रोग्राम निवडला की तापमान किती दाखवतंय ते एकदा तरी बघा, बऱ्याच मशीनमध्ये कॉटन दाबलं की ते ४० किंवा ६० आपोआप घेतं, ड्रम फिरवायला काहीच लागत नाही हो, पाणी तापवायलाच लागतं, रोजच्या घामाच्या कपड्यांना गार पाणी पुरतं आणि वीज तीन-चार पट कमी. चादरी-टॉवेल, आजारी माणसाचे कपडे असतील तेव्हा लावा गरम. इस्त्री करत असाल तर आठवड्याचे कपडे एकदम करा, दर सकाळी एका शर्टासाठी इस्त्री तापवणं म्हणजे शर्टापेक्षा लोखंडालाच जास्त, आणि शेवटचे दोन रुमाल बटण बंद करून होतात.

आता दुसरा प्रकार, फ्रिज आणि एसी. आपण म्हणतो फ्रिज थंड करतो. फ्रिज थंडी बनवत नाही, तो आतली उष्णता उचलतो आणि बाहेर टाकतो, हमालासारखा. गीझरला एका युनिटमध्ये एकच युनिट उष्णता मिळते, पण या हमालाला एका युनिटमध्ये दोन-तीन युनिट उष्णता हलवता येते. दीड टनाचा एसी खोलीतून सव्वापाच किलोवॉट उष्णता काढतो आणि स्वतः दीडच्या आसपास घेतो, ते याचमुळे. पण हमालाचं काय असतं, ओझं किती, चढ किती आणि टाकायला जागा आहे का यावर त्याची दमणूक ठरते. फ्रिज-एसीची बचत या तीन प्रश्नांत आहे, बाकी सगळे फाटे.

आमच्या फ्रिजचं सांगतो. तो ओट्याशेजारच्या कोनाड्यात, एका बाजूला भिंत दोन बोटांवर, दुसऱ्या बाजूला ओटा आणि गॅस, आणि वरून आईने घातलेलं कव्हर, दोन्ही बाजूंना खिसे असलेलं, खिशात गॅसची पावती, रबरबँड, संपलेले पेन, लाडूंच्या रेसिपीची कात्रणं. एकदा फ्रिजच्या बाजूला हात लावून बघा, गरम लागते. मला आधी वाटायचं बिघडलाय. आत्ताच्या बऱ्याच फ्रिजांना मागे ती काळी जाळी नसते, उष्णता बाहेर टाकणारी नळी बाजूच्या पत्र्याच्या आतच असते, म्हणजे ती बाजू हीच टाकायची जागा. आणि आम्ही तिला गोधडी पांघरली होती! कव्हर वरचंवर राहील एवढं दुमडलं, फ्रिज ओढून भिंतीपासून वीतभर पुढे घेतला, मागे जी धूळ निघाली ती सांगत नाही. गॅसपासून लांब नेणं शक्य नव्हतं, ते तसंच आहे.

ओझ्याचं म्हणाल तर "फ्रिजचं दार उघडं ठेवू नको" हे आपल्याकडचं दुसरं राष्ट्रीय वाक्य, पण हवेत फार उष्णता मावतच नाही. एक लिटर दूध ७० डिग्रीला तसंच आत ठेवलं तर ५ डिग्रीला आणायला ७५ वॉट-तास उष्णता बाहेर काढावी लागते, माझ्या हिशोबाने ते दार पंधरा-वीस वेळा उघडण्याएवढं झालं. म्हणून दार उघडून विचार करत उभ्या राहणाऱ्या पोरांवर ओरडा, हवं तर, पण त्याआधी पातेलं गार करा. आजी करायची तसं, परातीत पाणी घालून त्यात पातेलं ठेवलं की वीस मिनिटांत बरंच उतरतं. उन्हाळ्यात मात्र वाचवायच्या नादात दोन-दोन तास बाहेर ठेवू नका, वरण आंबलं तर सगळी बचत वाया. आणि झाकून ठेवा, उघड्या आमटीची वाफ शेवटी बर्फ होऊन कॉइलवर बसते. जुना सिंगल डोअर असेल तर बर्फाचा थर बोटाच्या अर्ध्या पेराएवढा झाला की डिफ्रॉस्टचं बटण दाबायचं, बर्फ आपल्याला थंड वाटतो पण कॉइलसाठी ती रजई आहे.

दाराचं रबर तपासायची सोपी रीत, दहाची नोट दारात धरून दार लावायचं आणि ओढायची, सहज निघाली तर रबर सैल. चारी बाजूंनी करून बघा. आमचं खालच्या कोपऱ्यात सैल निघालं, कोमट पाण्याच्या फडक्याने पुसून, चिकटलेला साखरेचा पाक काढून दोन दिवसांत बसलं. आणि नॉबवरचे आकडे डिग्री नसतात बरं का, साधारण ७ म्हणजे सगळ्यात जास्त थंड. मेमध्ये ७ वर नेलेला नॉब डिसेंबरमध्ये ७ वरच असतो निम्म्या महाराष्ट्रात.

एसीला हेच सगळं, फक्त मोठ्या प्रमाणात. चढ म्हणजे बाहेरचं आणि आतलं तापमान यातलं अंतर. बाहेर ४० आणि आत १८ मागितलं तर २२ डिग्रीचा चढ, २५ मागितलं तर १५ चा. ऊर्जा दक्षता ब्युरो, ज्याला सगळे बीईई म्हणतात, त्यांच्या म्हणण्याप्रमाणे सेटिंग एक डिग्री वर नेलं की साधारण ६ टक्के वीज वाचते, आणि १ जानेवारी २०२० पासून स्टार लेबलच्या रूम एसीला चालू केल्यावर २४ डिग्रीच आधी यायला पाहिजे असा नियमच आहे. लोक लगेच रिमोट उचलून १६ करतात, "लवकर गार होतं". होत नाही. साधा एसी चालू असतो तेव्हा एकाच ताकदीने चालतो, १६ केलं काय नि २५ केलं काय, आणि इन्व्हर्टर एसी पण खोली तापलेली असते तेव्हा जोर लावूनच सुरू होतो. १६ ने फक्त थांबायची जागा लांब जाते, मग पहाटे तीनला कुडकुडत पांघरूण शोधायचं. २५-२६ आणि पंखा दोनवर, हे जमतं, कारण पंखा खोली गार करत नाही, तो अंगावरचा घाम उडवून माणसाला गार करतो.

एसीची जाळी महिन्यातून एकदा नळाखाली धरा, पाच मिनिटांचं काम. बाहेरच्या युनिटसमोर कपडे वाळत घालणारे लोक मी आमच्याच सोसायटीत पाहिलेत, कपडे झटपट वाळतात हे खरं, पण हमालाच्या वाटेत आपण खाट टाकून झोपल्यासारखं आहे ते. नागपूरच्या आत्याकडे एसी असून कूलरच लावतात, आणि बरोबर आहे, कोरड्या हवेत दोनशे वॉटच्या आसपास काम होतं, फक्त समोरची खिडकी उघडी पाहिजे, नाहीतर ओलावा साठून खोलीचं न्हाणीघर होतं. तोच कूलर चिपळूणला मावशीने घेतला होता, तिथे हवेतच एवढं पाणी की तो नुसता ओला वारा मारायचा, आता माळ्यावर आहे. कोकणात, मुंबईत पावसाळ्यात चिकचिक होत असेल तर एसीचा ड्राय मोड लावून बघा, गरमीपेक्षा दमटपणाचाच त्रास असतो बऱ्याचदा.

पंख्याचं वर आलंच आहे, पण ते "माणसाला गार करतो" पुन्हा वाचा. रिकाम्या खोलीतला पंखा काहीही गार करत नाही, उलट मोटरची थोडी उष्णताच सोडतो. रिकाम्या खोलीतली एलईडी नऊ वॉट, रिकाम्या खोलीतला पंखा पंच्याहत्तर, म्हणजे बाबांच्या राउंडमध्ये आधी पंखा यायला हवा होता. वेग कमी केला की वीज वेगापेक्षा जास्त पटीने कमी होते, पण रेग्युलेटर नवीन छोट्या गोल नॉबचा असेल तर. तो जुना मोठा ठोकळा असेल, हात लावला की गरम लागणारा, तर त्यात वाचवलेल्या विजेचा बराच भाग तिथेच उष्णता होऊन जातो. पंखा पाचवर असून पण रेंगाळत असेल तर बहुतेक कपॅसिटर गेलेला असतो, स्वस्तातली गोष्ट, आणि पात्यांवरची धूळ पुसणं तर फुकटच.

यंदाच्या मार्चला २०५ युनिट आली. झिरोचा बल्ब, दिवसभराचा गीझर, रिकाम्या खोल्यांतले पंखे, फ्रिजचं कव्हर, कपडे गार पाण्यात, एवढंच केलं. ५५ युनिट, सगळी दुसऱ्या टप्प्यातली, सहा-सातशे रुपये.

ज्यांच्याकडे स्मार्ट मीटर बसलेत त्यांना महावितरणने २०२५ पासून दिवसा, सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर दरात थोडी सूट पण दिलीये, म्हणजे वॉशिंग मशीन, इस्त्री, घरघंटी, बंगलेवाल्यांचा पाण्याचा पंप ही कामं रात्रीऐवजी दुपारी केली तर तेवढेच युनिट कमी पैशात. बिलावर वेळेप्रमाणे वेगळी ओळ आली आहे का ते बघून घ्या.

सेट टॉप बॉक्सचं मात्र जमलेलं नाही. रात्री बटणावरूनच बंद करा असं मी सुचवलं, बाबांनी दोन दिवस केलं पण, तिसऱ्या दिवशी सकाळी सातच्या बातम्यांच्या वेळी तो सुरू व्हायला तीन मिनिटं लावत बसला आणि हेडलाइन्स गेल्या. तेव्हापासून ते राउंडमध्ये सगळी बटणं बंद करतात, गीझर बघतात, आतला पंखा बघतात, आणि टीव्हीच्या बटणाजवळून गुपचूप पुढे जातात. रात्रीपुरती महिन्याला तीनेक युनिट आहेत ती, मी काही बोलत नाही.